पैनगंगेपलीकडचे कॉलेज

1930 च्या सुमारास नांदेडात मॅट्रिक झालेल्या मुलाला पुढे शिकायचे असेल, तर आधी गाडीची दिशा ठरवावी लागे. मनमाड ते सिकंदराबाद ही निजाम स्टेट रेल्वेची मीटरगेज लाइन विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरू झाली होती. औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड ही मराठवाड्यातली मोठी गावे याच लाइनवर. हैदराबादकडची गाडी धरली तर उस्मानिया विद्यापीठ आणि उर्दूतून शिक्षण. उलट दिशेची धरली तर मनमाड, आणि तिथे ब्रॉडगेजची गाडी पकडून एकीकडे मुंबई-पुणे, दुसरीकडे भुसावळमार्गे नागपूर. लातूर-उस्मानाबादच्या मुलाची वाट वेगळी होती. तो बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीने कुर्डुवाडीला येई आणि तिथून सोलापूरला किंवा पुण्याला जाई.

गाव सोडल्याशिवाय पदवी मिळणार नव्हती, कारण औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत निजामाची सत्ता जाईपर्यंत पदवीपर्यंत शिकवणारे एकही कॉलेज नव्हते. औरंगाबादेत 1923 पासून इंटरमीजिएट कॉलेज होते. तिथली दोन वर्षे संपली की पुन्हा ट्रंक भरायची.

मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाचा इतिहास सत्याग्रह, तुरुंग आणि सरहद्दीवरचे कॅम्प यांच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेला आहे. त्याच इतिहासात शिक्षणासाठी राज्याची हद्द ओलांडणाऱ्या विद्यार्थ्यांचीही एक वाट आहे. या वाटेने गेलेल्या पिढीने बाहेर जे पाहिले त्याचा परिणाम मराठवाड्याच्या राजकारणावर झाला, आणि पुढे 1950 नंतर मराठवाड्यात जी कॉलेजे उभी राहिली त्यांच्यामागेही याच पिढीचा अनुभव होता.

हैदराबाद संस्थान म्हणजे सुमारे 82,000 चौरस मैलांचा मुलूख. 1941 च्या जनगणनेत लोकसंख्या 1 कोटी 63 लाखांच्या घरात, आणि त्यात साधारण चौथा हिस्सा मराठी बोलणाऱ्यांचा. इंग्रजी हद्दीतले मराठी लोक या मुलखाला ‘मोगलाई’ म्हणत. संस्थानाचे टपाल वेगळे, तिकिटे वेगळी, नाणे वेगळे. मोगलाईत हाली रुपया चाले, इंग्रजी हद्दीत कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा साधारण हिशेब. पुण्यात शिकणाऱ्या मुलाला बापाने घरून पैसे पाठवायचे म्हटले, तर हद्द ओलांडतानाच त्यांचा सातवा हिस्सा गळून जाई. मालावर जकात घेणारे करोडगिरीचे नाके होते. सरकारी कागदांवर वेगळ्या कालगणनेचा फसली सन असे. आणि नोकरीच्या बाबतीत ‘मुलकी’ (संस्थानातला) की ‘गैरमुलकी’ (बाहेरचा) हा प्रश्न 1919 च्या फर्मानाने पक्का केलेला होता. त्यामुळे वसमतचा मुलगा नागपूरला शिकायला गेला, म्हणजे तो खरोखरच दुसऱ्या राज्यात गेला.

भूगोल मात्र या हद्दीला जुमानत नव्हता. पैनगंगेच्या अलीकडे नांदेड-परभणीचा मराठी मुलूख, पलीकडे वऱ्हाडातला मराठी मुलूख. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचाच होता. 1853 पासून त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला, 1902 मध्ये तो कायमच्या पट्ट्याने त्यांना देण्यात आला, आणि तरीही हैदराबादच्या युवराजाला 1936 पासून ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब होता. नदीच्या दोन काठांवर सोयरीक होती, बाजार एक होते, भाषा एक होती. फरक होता तो सभा भरवण्याच्या, वर्तमानपत्र काढण्याच्या आणि शाळा-कॉलेज चालवण्याच्या मोकळिकीत.

उस्मानिया विद्यापीठाला या कहाणीत केवळ अडथळा ठरवणे अन्यायाचे होईल. 1917 मध्ये अकबर हैदरी यांनी देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारे विद्यापीठ काढावे असा प्रस्ताव निजामापुढे ठेवला आणि 1918 मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. आधुनिक ज्ञान भारतीय भाषेतून द्यायचे, हा हिंदुस्थानातला पहिलाच मोठा प्रयोग होता. त्यासाठी स्वतंत्र भाषांतर खाते निघाले. पदार्थविज्ञान, रसायन, कायदा, इतिहास, वैद्यक या विषयांची पुस्तके उर्दूत आणली गेली, परिभाषा घडवली गेली, आणि उस्मानियात डॉक्टरीसुद्धा उर्दूतून शिकवली जाऊ लागली. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजचे प्राचार्यपद मौलवी अब्दुल हक यांनी सांभाळले होते. ‘बाबा-ए-उर्दू’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या विद्वानाने उर्दूच्या अभ्यासाचे मोठे काम औरंगाबादेत बसून केले.

परंतु संस्थानातल्या बहुसंख्य लोकांची मातृभाषा तेलुगू, मराठी किंवा कानडी होती. मराठी मुलगा चार बुके मराठीतून शिके, मग हळूहळू उर्दूकडे वळे आणि कॉलेजात गेल्यावर सारे शास्त्र उर्दूतूनच वाची. इंग्रजी हा तिथे सक्तीचा विषय होता, पण माध्यम नव्हे. दरबाराचा कारभार उर्दूतून चालत असल्याने उस्मानियाची पदवी ही सरकारी नोकरीची सरळ वाट होती. ज्याला नोकरी हवी त्याने हैदराबाद गाठायचे, आणि ज्याला हद्दीबाहेरही उपयोगी पडेल असे शिक्षण हवे त्याने पुणे, मुंबई किंवा नागपूर, अशी ही विभागणी होती. हैदराबादेतच एक तिसरा पर्याय होता. निजाम कॉलेज 1887 पासून मद्रास विद्यापीठाला जोडलेले होते आणि तिथे शिक्षण इंग्रजीतून चाले. संस्थानात पदव्यांचे केवढे मिश्रण होते ते पुढे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झालेल्या शंकरराव चव्हाणांच्या शिक्षणावरून दिसते. पैठणमध्ये जन्मलेल्या शंकररावांची बी.ए. मद्रास विद्यापीठाची आणि एलएल.बी. उस्मानियाची.

मराठवाड्यातून हैदराबादला गेलेला मुलगा पहिल्यांदा मराठी घर शोधी. सुलतान बाजार, काचीगुडा, गौळीगुडा या भागांत मराठी वस्ती होती. केशवराव कोरटकर आणि वामन नाईक यांच्या पुढाकाराने विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात निघालेली विवेकवर्धिनी ही शाळा या वस्तीचा मोठा आधार होती. नात्यातले कुणी असेल तर तिथे राहायचे, नसेल तर खोली घ्यायची आणि वार लावून जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात दिवसांचे सात उंबरे. वार चुकला की उपास. पुण्यात माधुकरी मागून शिकलेल्या मुलांच्या आठवणी मराठी आत्मचरित्रांत जागोजाग आहेत; हैदराबादच्या मराठी वस्तीनेही आपल्या मुलखातून आलेल्या मुलांना असेच सांभाळले.

सर्वांनाच कॉलेजपर्यंत पोचता आले नाही. परभणी जिल्ह्यातल्या सातोन्यात 1913 मध्ये जन्मलेले भगवान रघुनाथ कुलकर्णी, म्हणजेच कवी-कादंबरीकार बी. रघुनाथ, शिकायला हैदराबादला आले, 1932 मध्ये मॅट्रिक झाले आणि सार्वजनिक बांधकाम खात्यात कारकुनीला लागले. मराठवाड्यातल्या या थोर लेखकाला कॉलेजची पायरी चढता आली नाही, आणि ही गोष्ट त्या काळात इतकी सर्रास होती की त्याबद्दल कुणी हळहळलेही नसेल. मुलींचे तर आणखी अवघड. 1924 पासून हैदराबादेत उस्मानियाचे मुलींचे कॉलेज होते, पण बीड किंवा परभणीच्या घरातून वयात आलेली मुलगी इतक्या लांबच्या वाटेवर एकटी पाठवण्याची तयारी किती आईबापांची असणार? अंतर हे मुलांना अडचणीचे होते. बहुतेक मुलींच्या बाबतीत ते शिक्षणाचा शेवट ठरले.

उस्मानियातल्या मराठी मुलांना मराठीचा एक कोपरा मात्र होता. विद्यापीठात मराठी विभाग होता आणि तिथे ना. गो. नांदापूरकरांसारखे कवी-अभ्यासक शिकवत. त्यांचे भाचे नरहर कुरुंदकर पुढे हैदराबादला मामांकडे राहूनच शिकले. नांदेडच्या व्यासपीठांवरून अनेक वर्षे गाजलेली कुरुंदकरांची वाणी हैदराबादच्या त्या घरातल्या ग्रंथांवर आणि वादांवर पोसलेली होती.

हद्द ओलांडून गेलेल्यांचे अनुभव वेगळे. पुढे मुक्तिसंग्रामाचे नेते झालेले गोविंदभाई श्रॉफ हे त्यातले ठळक उदाहरण. गोविंदभाई थेट कलकत्त्याला गेले. तिथल्या विद्यापीठातून त्यांनी गणितात एम.एस्सी. आणि कायद्याची पदवी घेतली. 1930 च्या दशकातले कलकत्ता म्हणजे डाव्या विचारांच्या मंडळांचे, क्रांतिकारकांच्या आठवणींचे, सतत सभा-मोर्चांचे शहर. तिथून गोविंदभाई औरंगाबादला परतले ते शिक्षक म्हणून. त्यांच्याभोवती विद्यार्थ्यांचा जो गट जमला तो पुढे मराठवाड्याच्या राजकारणाला पुरून उरला. पुण्याला फर्ग्युसन किंवा एस.पी.मध्ये गेलेल्या मुलाला वसतिगृहात रोज वर्तमानपत्र वाचायला मिळे, शनिवारवाड्यावर सभा ऐकायला मिळे, आणि त्या सभेसाठी कुणाची आगाऊ परवानगी लागत नाही हे पाहून तो चकित होई. त्याच्या स्वतःच्या मुलखात 1929 पासून ‘गश्ती निशाण 53’ नावाचे परिपत्रक लागू होते. साध्या सार्वजनिक सभेलाही सरकारची मंजुरी घ्यावी लागे.

सुट्टीत ही मुले घरी येत तेव्हा ट्रंकेत पुस्तके असत, वर्तमानपत्रांची कात्रणे असत. आपल्या गावात वाचनालय का नाही, हा प्रश्न ती विचारू लागली. मराठवाड्यात 1930 च्या दशकात वाचनालये, व्याख्यानमाला, गणेशोत्सवातली भाषणे यांना जी गती आली तिच्यात बाहेरून शिकून आलेल्या वकील-शिक्षकांचा वाटा मोठा होता. 1937 मध्ये परतूरला संस्थानातल्या मराठी लोकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस निघायच्या आधीच तिच्यावर बंदी आली, आणि 24 ऑक्टोबर 1938 ला त्या बंदीविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला.

त्यानंतर महिन्याभरात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातली मुले उठली. निमित्त होते वसतिगृहातल्या प्रार्थनेचे. तिथे विद्यार्थी ‘वंदे मातरम्’ म्हणू लागले. चालकांनी ते बंद करायला सांगितले. मुलांनी नकार दिला आणि संप पुकारला. नोव्हेंबर संपता संपता हे लोण हैदराबादला उस्मानियाच्या वसतिगृहात पोचले, गुलबर्गा आणि वरंगलच्या कॉलेजांतही गेले. मराठी, तेलुगू आणि कानडी मुलांनी एका गाण्यासाठी एकत्र येऊन केलेला हा संस्थानातला पहिला मोठा लढा. त्याआधी तिन्ही भाषांतल्या चळवळी बहुतेक आपापल्या प्रांतापुरत्या चालत. वसतिगृहांनी त्यांना एका खोलीत आणले होते.

विद्यापीठाने कडक पवित्रा घेतला. एकट्या उस्मानियातून सुमारे 350 विद्यार्थी काढून टाकले गेले. इतर कॉलेजांतली आणि शाळांतली मुले वेगळीच. त्या वेळी संस्थानचे पंतप्रधान होते अकबर हैदरी, म्हणजे एकवीस वर्षांपूर्वी देशी भाषेतल्या विद्यापीठाचे स्वप्न मांडणारे तेच गृहस्थ. आदिकमेटच्या माळावर विद्यापीठाच्या आर्ट्स कॉलेजची भव्य दगडी इमारत तेव्हा पूर्ण होत आली होती. 1939 च्या डिसेंबरात तिचे उद्घाटन झाले. ज्यांनी त्या इमारतीत बसून पदवी घ्यायची, त्यातली कित्येक मुले तोवर राज्याबाहेर गेलेली होती.

काढून टाकलेल्या मुलांपुढे प्रश्न फार थेट होता. वर्ष अर्धे उलटलेले. सत्याग्रह डिसेंबरातच गांधीजींच्या सल्ल्याने थांबलेला, त्यामुळे चळवळीचाही आधार ओसरलेला. घरी परत जावे तर बाप सरकारी नोकरीत, किंवा पाटील-कुलकर्णी म्हणून दरबाराच्या मेहेरबानीवर. अशा वेळी नागपूर विद्यापीठाने दार उघडले. 1923 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे कुलगुरू तेव्हा टी. जे. केदार होते. मध्य प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते. वर्ध्याजवळ सेवाग्रामला गांधीजींचा मुक्काम होता. नागपूर विद्यापीठाने या बहिष्कृत विद्यार्थ्यांना आपल्या कॉलेजांत प्रवेश द्यायचे ठरवले. दुसऱ्या राज्याने शिस्तभंगासाठी काढलेल्या शेकडो मुलांना विद्यापीठाने सामावून घ्यावे, ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती, आणि हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात नागपूरचे हे ऋण मोठ्या अक्षरांत लिहिले गेले पाहिजे.

हैदराबादहून नागपूरला जाणे एव्हाना सोपे झाले होते. काझीपेठ ते बल्लारशा हा दुवा 1920 च्या दशकाअखेरीस पुरा झाला आणि दिल्ली-मद्रास गाड्या वरंगल-चांदा-नागपूर मार्गाने धावू लागल्या. मुले गाडीतून उतरली ती मॉरिस कॉलेज, हिस्लॉप कॉलेज, सायन्स कॉलेज अशा जुन्या नावाजलेल्या संस्थांच्या आवारात. अडचण निराळीच होती. काल-परवापर्यंत ज्या विषयांची सारी परिभाषा उर्दूत पाठ केली, तेच विषय आता इंग्रजीतून वाचायचे, आणि काही महिन्यांत परीक्षेला बसायचे. मराठवाड्यातल्या मुलांना निदान शहराची भाषा आपली होती. वऱ्हाडी-नागपुरी बोली कानाला नवी, पण परकी नव्हे. खानावळीतल्या तिखट रश्श्याची आणि मे महिन्यातल्या उन्हाची तक्रार नांदेडच्या मुलाने करायचे कारण नव्हते. तेलंगणातून आलेल्यांना मात्र माध्यमही नवे, शहराची भाषाही नवी.

त्या तेलंगणी मुलांत एक होता सतरा वर्षांचा पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव. करीमनगरकडच्या वंगारा गावचा हा मुलगा वरंगलला इंटरमध्ये असताना ‘वंदे मातरम्’ प्रकरणात बाहेर पडला. पुढे त्याने पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून बी.एस्सी. केले आणि नागपूरला येऊन कायद्याची पदवी घेतली. निजामाच्या राज्यातून हाकलले गेल्यामुळे तो मराठी शिकला, इतके चांगले की पुढे हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीचा त्याने तेलुगूत अनुवाद केला. केशवपनासारख्या रूढींनी चिरडलेल्या यमूची ती गोष्ट तेलुगू वाचकांपर्यंत अशी पोचली. 1984 च्या लोकसभा निवडणुकीत नरसिंह राव हनमकोंड्यात पडले, पण नागपूरशेजारच्या रामटेकने त्यांना निवडून दिले. 1989 मध्ये पुन्हा दिले. दोन वर्षांनी ते पंतप्रधान झाले. रामटेकच्या सभांत ते मराठीत बोलू शकत होते, ते विद्यार्थिदशेतल्या त्या सक्तीच्या स्थलांतरामुळे.

सारेच नरसिंह राव झाले नाहीत. कुणाचे वर्ष बुडाले, कुणाचे शिक्षणच सुटले, कुणी शाळामास्तर झाले, कुणी पूर्ण वेळ चळवळीत गेले. पण नागपूर, जबलपूर, अमरावती, सोलापूर, पुणे येथे विखुरलेल्या या मुलांचे एक जाळे तयार झाले. 1940 मध्ये सोलापुरात दयानंद कॉलेज निघाले आणि उस्मानाबाद-लातूरकडच्या मुलांना घराजवळचे एक ठिकाण मिळाले. हद्दीपलीकडे कुठे खोली मिळते, कुणाचे घर आपले आहे, कोणता वकील मदत करतो, कोणता छापखाना पत्रक छापून देईल, हे सारे या मुलांना ठाऊक झाले.

ते ज्ञान 1947 मध्ये कामी आले. ऑगस्टमध्ये देश स्वतंत्र झाला आणि निजामाने भारतात सामील व्हायला नकार दिला. 7 ऑगस्टपासून स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली विलीनीकरणाची चळवळ सुरू झाली. विद्यार्थ्यांनी कॉलेजे सोडली. संस्थानाभोवती भारतीय हद्दीत कॅम्प उभे राहिले: नांदेडकरांसाठी पैनगंगेपलीकडे उमरखेड, परभणीकरांना वाशीमची बाजू, औरंगाबादकरांना मनमाड, उस्मानाबादकरांना बार्शीचा परिसर. नकाशावर हे बिंदू पाहिले की ओळख पटते. मुले शिकायला ज्या वाटांनी बाहेर पडत होती, त्याच वाटांवरची ही ठाणी. 30 जानेवारी 1948 ला उमरी येथील बँकेवर स्वातंत्र्यसैनिकांनी घातलेला धाडसी छापा आणि त्यातल्या रकमेचा चळवळीसाठी झालेला चोख विनियोग या लढ्यातला गाजलेला प्रसंग आहे. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि 17 सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.

स्वातंत्र्य मिळाल्यावर या मंडळींनी जे पहिले काम हाती घेतले त्यावरून त्यांच्या मनात काय सलत होते ते कळते. 1950 मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. स्वामीजी मूळचे व्यंकटेश खेडगीकर, विजापूरकडच्या सिंदगीत जन्मलेले. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिकवता शिकवता ते मराठवाड्याचे झाले. शाळा संपल्यावर हुशार मुलाचे काय होते हे त्यांनी वर्गात उभे राहून पाहिले होते. गोविंदभाईंनी पुढची अनेक दशके औरंगाबादच्या सरस्वती भुवन शिक्षण संस्थेला वाहिली.

त्याच 1950 च्या जूनमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत कॉलेज सुरू केले. 1951 मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. हेच मिलिंद महाविद्यालय; त्याचा परिसर म्हणजे नागसेनवन. बाबासाहेबांनी संस्थेचे पहिले कॉलेज मुंबईत काढले होते, आणि दुसऱ्यासाठी निवडला तो सर्वांत कोरडा मुलूख. निजामी राजवटीतल्या दलित मुलाला हैदराबाद काय आणि पुणे काय, दोन्ही सारखेच दूर होते. वार लावून जेवण्याची सोय त्याला नव्हती, कारण त्या सात उंबऱ्यांच्या आत त्याला कुणी घेत नव्हते. म्हणून मिलिंदमध्ये वसतिगृहाला वर्गाइतकेच महत्त्व आले. वाड्या-वस्त्यांतून आलेली, घरात पहिल्यांदाच अक्षर गिरवणारी मुले तिथे राहिली, जेवली, वाचू लागली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी तिथल्या विद्यार्थ्यांसाठी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. खानदेशातून आणि विदर्भातूनही मुले येऊ लागली. नागपुरात जन्मलेले आणि तिथेच शिकलेले गंगाधर पानतावणे अध्यापनासाठी मिलिंदमध्ये आले आणि औरंगाबादेतून त्यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालवले. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मराठवाड्याची मुले नागपूरकडे गेली होती. आता नागपूरचा शिक्षक मराठवाड्यात येऊन दलित साहित्याच्या एका मोठ्या व्यासपीठाची उभारणी करत होता.

एक विसंगती मात्र राहिली. नांदेड, औरंगाबादची ही नवी कॉलेजे उस्मानियालाच जोडलेली होती. 1948 च्या पोलीस कारवाईनंतर तिथे उर्दूची जागा इंग्रजीने घेतली, पण विद्यापीठ हैदराबादेतच. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि परिस्थिती आणखी चमत्कारिक झाली: मुलगा मुंबई राज्यातला, कॉलेज मुंबई राज्यातले, परीक्षा मात्र आंध्र प्रदेशातल्या विद्यापीठाची. घर न सोडताही तो राज्याबाहेरचा विद्यार्थी ठरला. न्यायमूर्ती पळणिटकर समितीने स्वतंत्र विद्यापीठाची शिफारस केली आणि 23 ऑगस्ट 1958 ला पंडित नेहरूंच्या हस्ते औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. मुंबई विद्यापीठाचा कारभार जवळून पाहिलेले एस. आर. डोंगरकेरी पहिले कुलगुरू झाले. 1994 च्या 14 जानेवारीला, दीर्घ आणि रक्तरंजित संघर्षानंतर, या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले गेले. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला, मुक्तिदिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले.

या दोन्ही विद्यापीठांत आज इतिहासाचे विभाग आहेत, आणि नागपूर विद्यापीठातही आहे. 1938-39 मध्ये निजामाच्या हद्दीतून बाहेर पडलेल्या मुलांची गावे, वये, विषय आणि पुढचे आयुष्य यांचा तिघांनी मिळून शोध घ्यायला हवा. नागपूर, अमरावती, जबलपूर, सोलापूर आणि पुण्याच्या जुन्या कॉलेजांतल्या प्रवेशनोंदी, हैदराबादच्या दफ्तरखान्यातले हुकूम, आणि मराठवाड्यातल्या घराघरांत ठेवलेली पत्रे व गुणपत्रके एकत्र करून गावनिहाय यादी छापावी, आणि ती त्या त्या गावच्या शाळेत पाठवावी. ती पिढी आता राहिलेली नाही, पण त्यांची मुले-नातवंडे आहेत, आणि बापाच्या किंवा आजोबांच्या ट्रंकेतले कागद अजून पुष्कळ घरांत सापडतात.